पहिला सेट देवाचा

सक्करदरा, नागपूर
१० नोव्हेंबर २०२५

उन्मेष,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फोडायचं की नाही याचा तू विचार केला असशील. फोडलंच असशील तर पूर्ण वाच, कामाचं आहे. फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतोस, आणि आईला मध्ये घातलं की निरोप पोहोचेपर्यंत त्याचं भलतंच काहीतरी होतं. म्हणून तिच्याकडून तुझा नाशिकचा पत्ता घेतला आणि बसले लिहायला.

नानाजींच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन सतरा ऑक्टोबरला झालं, हे आईने सांगितलंच असेल. गुडघा नवीन बसला, टाके सुकले. आता प्रश्न मांडीचा आहे. दुखतं म्हणून दीड वर्ष तो पाय त्यांनी वापरलाच नाही, त्यामुळे मांडी सुकून माझ्या दंडाएवढी झाली आहे. आपल्या बापाने चाळीस वर्षं व्यायामशाळेत दुसऱ्यांच्या पोरांच्या मांड्या घडवल्या, आणि आता स्वतःची ही अशी. आरशासमोरून जाताना ते लुंगी खाली ओढून घेतात, मला दिसतं.

मयुरा नावाची फिजिओ मंगळवारी आणि शुक्रवारी घरी येते. धरमपेठेतली आहे, वय अठ्ठावीस, पण बोलणं पन्नाशीचं. तिने तीन व्यायाम दिलेत. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, पाय सरळ ठेवून वर उचलणं आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबणं. प्रत्येकाचे दहा-दहाचे तीन सेट, एक दिवसाआड. ती नसते त्या दिवशी मी समोर बसून करून घेते आणि वहीत लिहिते.

तीन आठवडे झाले. मांडी भरायची सोडून गुडघा सुजतो आहे. सत्तर अंशाच्या पुढे वाकत नाही. डॉक्टर म्हणतात, वीस डिसेंबरपर्यंत नव्वद झाला नाही तर भूल देऊन वाकवावा लागेल. मागच्या भुलीनंतर त्यांच्या हृदयाचे ठोके बिघडले होते, दोन दिवस आयसीयूत होते. आईने ‘पुन्हा भूल’ हे शब्द ऐकले तेव्हापासून तिचं जेवणात लक्ष नाही.

तू हे सगळं वाचायचास. बेंचवर बसून मोबाइलवर लेख वाचायचास आणि नानाजी ओरडायचे. म्हणून विचारते, पंच्याहत्तरीच्या माणसाला मसल कमवायला किती सेट लागतात? तीन जास्त होतात का? की कमी?

बाकी कुठल्याही विषयावर मी लिहिलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

वंदना


२० नोव्हेंबर २०२५

उन्मेष,

पत्र मिळालं हे आईला सांगितलंस, आणि वर ‘बरं’ म्हणालास. दहा दिवसांत एक शब्द. नागपूरची पोरं इतकं कमी बोलत नाहीत, नाशिकचं पाणी लागलं असणार.

इकडची स्थिती अशी की मंगळवारी मयुराने गुडघ्यावर हात ठेवला आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाली, काका सांगितल्यापेक्षा जास्त करताहेत, मागून काहीतरी करत असतील. मी म्हटलं, शक्यच नाही, मी समोर बसलेली असते. ती म्हणाली, ताई, हा गुडघा तीन सेटचा वाटत नाही. मग मात्र मला राग आला. मी वही आणून तिच्या हातात दिली. म्हटलं, वहीत तीन लिहिलेत म्हणजे तीनच झालेत.

ती गेल्यावर भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की हेच वाक्य मी एकदा आधीही बोलले आहे. तुलाही ते आठवत असणार. अठ्ठावीस जानेवारी दोन हजार सतरा, शनिवार, संध्याकाळची बॅच. राज्याच्या बेंच प्रेसच्या निवड चाचणीला आठवडा राहिला होता. तू बार रॅकवर ठेवलास आणि म्हणालास, माझ्याकडून जास्त होतंय, खांद्याची झीज भरून येत नाही, केस विंचरायला हात वर जात नाही. नानाजी म्हणाले, मनात नाही म्हणून खांद्यात नाही. आणि मी, जिला कोणी विचारलं नव्हतं, वही घेऊन आले आणि वीस पोरांसमोर उघडून दाखवली. वहीत चार लिहिलेत म्हणजे चारच झालेत.

तू तेव्हा माझ्याकडे पाहिलंस आणि टॉवेल घेऊन निघून गेलास.

मी चूक होते असं मी म्हणत नाही. वही बरोबरच होती. पण दाखवायला नको होती, एवढं मी आता मान्य करते. नऊ वर्षांनी का होईना.

सेटचं उत्तर अजून दिलेलं नाहीस.

वंदना


२९ नोव्हेंबर २०२५

प्रिय उन्मेष,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीचे दोन फाडले, कारण त्यांत मी स्वतःला वाचवत होते.

काल शुक्रवारी मयुरा वेळेच्या आधी आली. आम्ही सुरुवात केलेली होती. आईने तिच्या हातात चहा दिला आणि ती दारातच उभी राहिली. नानाजी खुर्चीवरून उठत-बसत होते. सेट संपला तसं मी वहीत तीन लिहिलं. मयुरा म्हणाली, चार झाले. मी म्हटलं, तीन. ती म्हणाली, ताई, मी चहाचा पहिला घोट घेतला तेव्हापासून मोजते आहे, चार झाले, आणि त्यातला पहिला तर बावीसचा होता, पाय थरथरेपर्यंत.

नानाजी तिला समजावल्यासारखे म्हणाले, “पहिला देवाचा होता पोरी. त्याले मोजत नसते.”

मयुराने माझ्याकडे पाहिलं. आणि उन्मेष, मी मान हलवली. हो, त्याला मोजत नसतात. यात विचारण्यासारखं काय आहे, असं मला खरंच वाटलं. तो पहिला सेट चालू असतो तेव्हा मी पेनाचं टोपणसुद्धा काढत नाही. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी तो कधी मोजलेला नाही. मला तो दिसतच नाही.

मग तिला सगळं सांगावं लागलं. आपले आजोबा धान्य बाजारात मापारी होते, पहिली पायली देवाची म्हणून बाजूला काढायचे, ती हिशेबात धरायची नाही आणि ती शीग लावूनच, म्हणजे काठाच्या वर रास चढवूनच भरायची, कारण देवाला कमी माप द्यायचं नाही. नानाजींनी व्यायामशाळा काढली तेव्हा तीच रीत बारला लावली. पहिला सेट मारुतीचा, पूर्ण वजनाचा, अंगात असेल तितका. मोजणी त्याच्यानंतर. सांगताना मला त्याचं कौतुकच वाटत होतं. मयुरा शांतपणे म्हणाली, “म्हणजे सगळ्यात जड सेट तुम्ही कुठेच लिहीत नाही.”

ती हे नानाजींच्या गुडघ्याबद्दल बोलली. मला ऐकू आलं ते तुझ्या खांद्याबद्दल.

ती गेल्यावर मी माळ्यावरून जुनी वही काढली. दिवाळीच्या पाडव्याला सुरू केलं होतंस, तेरा आठवडे. आठवड्यातून दोन दिवस, छाती-खांद्याचे तीन व्यायाम, प्रत्येकी चार सेट. आठवड्याचे चोवीस. हा आकडा धरमपेठेतल्या कोच स्वानंद सरांचा. नानाजी त्यांच्याशी बोलायला तयार नव्हते, म्हणून फोन मी केला होता आणि लिहूनही मीच घेतलं. सरांचे शब्द मला अजून पाठ आहेत. चोवीस ही उन्मेषसाठी वरची हद्द आहे, मॅडम. शरीर जेवढं भरून काढू शकतं तेवढंच वाढतं. याच्या वर नेलंत तर मसल वाढायच्या ऐवजी झिजत जाईल.

मी हो म्हटलं. देवाच्या सेटचं त्यांना सांगितलं नाही. लपवलं नाही रे, सुचलंच नाही. आपण पाणी पितो हे कोणी मुद्दाम सांगत नाही, तसं ते होतं.

तू चोवीस नाही, तीस करत होतास. तेरा आठवडे. अठ्ठ्याहत्तर सेट जास्त, तेही शीग लावलेले. मी बोटांवर मोजले, मग कागदावर मोजले, मग मोबाइलवर. अठ्ठ्याहत्तरच येतात.

तू म्हणालास जास्त होतंय, ते खरं होतं. का जास्त होतंय ते तुलाही सांगता येत नव्हतं, कारण तूही याच घरातला, तूही पहिला मोजत नव्हतास. पाच फेब्रुवारीला चाचणीत बार तुझ्या छातीवर आला आणि वर गेला नाही, आणि खांद्यातून जो आवाज आला तो तिसऱ्या रांगेत मला ऐकू आला. त्यानंतरही मी लोकांना सांगत राहिले की पोराने तयारीत कसर ठेवली.

मला माफ कर असं लिहायला हात उचलत नाही, कारण ते फार स्वस्त वाटतं. पण मला फार वाईट वाटतं आहे. रात्रीचं जेवण गेलं नाही.

आता गुडघ्याचं. तो प्रश्न सुटलेला नाही, उलट अडकला आहे. मयुराने नानाजींना म्हटलं, देवाचा सेट मोजणीत धरा. ते म्हणाले, “देवाचं ते देवाचं. ते माह्या हिशेबात कसं धरू?” मग ती म्हणाली, निदान पाचचाच करा, हलका. तर तिच्यावरच घसरले, “देवाले रिकामं माप देऊ काय? तू मले पापात पाडून राहिली.” आईने हात जोडले, मी आवाज चढवला, काही उपयोग झाला नाही. वीस तारखेला तीन आठवडे उरलेत.

अठ्ठ्याहत्तरचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. मला भीती वाटते.

तुझी ताई


११ डिसेंबर २०२५

प्रिय उन्मेष,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पाच ओळी. मी ते इतक्या वेळा वाचलं आहे की पोस्टमनपेक्षा मलाच जास्त पाठ झालं असेल.

“ताई, नाशिकला पहिल्यांदा जिममध्ये गेलो तेव्हा ट्रेनरने पहिल्या सेटला ‘एक’ म्हटलं. तेव्हाच कळलं. आधी राग होता म्हणून सांगितलं नाही, मग राग गेला पण सांगायचं राहून गेलं. कधीतरी तुम्ही स्वतः मोजाल असं वाटायचं. नानाजींना सांग, आता दोनच सेट. तीन होतील. आणि देवाची खुर्ची उंच ठेव, शीग लागली तरी पाय वाचेल.”

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून तुझ्यावर ओरडले. आई घाबरून आली. इतकी वर्षं माहीत होतं आणि गप्प बसला, तोंड शिवलं होतं काय याचं, असं काय काय बोलले. आई म्हणाली, “तू ऐकून घेतलं असतं काय वं?” मी पोळ्या लाटायला घेतल्या.

पण डोकं तुझंच. मी, मयुरा, डॉक्टर, सगळे त्यांचा देव हलवायला निघालो होतो. तू देवाला हात न लावता आमचा आकडा हलवलास. मयुराला वाचून दाखवलं तर ती हसायलाच लागली. दिवाणाखालचे लाकडी ठोकळे खुर्चीच्या पायांखाली लावले, खुर्ची चार बोटं उंच झाली. शनिवारी नानाजींना सांगितलं, दोनच सेट करायचेत. ते म्हणाले, दोनात काय होते? मी म्हटलं, वयाप्रमाणे तेवढेच. देवाचा केला, मग दोन केले, वहीत मी दोन लिहिलं. एक दिवसाआड, तसंच.

आज सूज उतरली आहे. परवा मयुराने मोजला तेव्हा एक्याऐंशी अंश होता.

व्यायामशाळेत सकाळच्या बायकांच्या बॅचलाही मी बदल केला. सोमवारी सांगितलं, आजपासून पहिला सेटसुद्धा मोजायचा. गोपिकाबाई आठवते ना, जी दोन सेटच्या मध्ये अर्ध्या सक्करदऱ्याची खबर देते? ती म्हणाली, “मॅडम, मग इतके वर्षं आमचा एक-एक फुकटात गेला काय?” सगळ्या हसल्या. मीही हसले, पण जरा उशिरा.

खांदा आता कसा आहे, हे मी तुला कधी विचारलंच नाही. विचारते आहे.

तुझी ताई


२४ डिसेंबर २०२५

प्रिय उन्मेष,

आधी बातमी. शनिवारी डॉक्टरांनी पाहिलं, चौऱ्याण्णव अंश. भूल टळली. मांडीला टेप लावला तर दोन सेंटिमीटर वाढली आहे. आईने डॉक्टरांना तिथेच संत्री दिली, पिशवीभर.

आईकडून कळलं की तुझा खांदा थंडीत दुखतो आणि मुलीला उचलून डोक्यावर घेताना डावा हात वापरतोस. मला भाची आहे आणि ती तीन वर्षांची आहे, हे माहीत होतं. ती डाव्या हातावर वाढते आहे हे माहीत नव्हतं.

आता दुसरं. रविवारी दुपारी आम्ही अंगणात उन्हात बसलो होतो. नानाजी मांडी चाचपून बघत होते, खूश होते. मला म्हणाले, हे दोन सेटचं डोकं त्या पोरीचं नाही, कोणाचं आहे? मी सांगितलं, उन्मेषचं. त्यांनी मग विचारलं, “त्याले कसं समजलं?”

तेव्हा मी सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर पुढे गेले नसते. स्वानंद सरांचा फोन, चोवीस, तीस, अठ्ठ्याहत्तर. फोन मी केला होता आणि वही माझी होती, हेही सांगितलं. आई संत्रं सोलत होती, तिचे हात तसेच राहिले.

मला वाटलं ते चिडतील, देवाच्या नावावर काही बोलू नको म्हणतील. त्यांनी मांडीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, “ते वही आहे काय वं?”

आणून दिली. ती त्यांच्या उशाशी आहे. तीन दिवस झाले, कोणाला हात लावू देत नाहीत. आज त्यांनी माझ्याकडून लाल पेन मागून घेतलं.

तुझी ताई


९ जानेवारी २०२६

प्रिय उन्मेष,

या पत्रासोबत पार्सल आहे. आधी पत्र वाच, मग उघड.

आत ती वही आहे. नानाजींनी सोळा दिवस घेतले. रोज सकाळी चष्मा लावून बसायचे, एका दिवसात पाच-सहापेक्षा जास्त होत नव्हते, हात कापतो म्हणून. प्रत्येक तारखेला, प्रत्येक व्यायामापुढे, माझा चार खोडला आहे आणि शेजारी लाल शाईने पाच लिहिला आहे. अठ्ठ्याहत्तर ठिकाणी. आई म्हणाली, एकदाच वर लिहून टाका ना, सगळीकडे पाच समजावे म्हणून. ते म्हणाले, “पोरानं एकदाच केले काय?”

काल ते शेवटच्या पानाशी आले. अठ्ठावीस जानेवारी. तिथे तीन पाच लिहिले आणि वही माझ्यासमोर सरकवली. त्या पानाच्या खाली मी एक शेरा लिहिला होता, तुला माहीत नसेल, तू गेल्यावर लिहिला होता. ‘उ. टाळाटाळ करतो. खांद्याचं निमित्त.’

नानाजी म्हणाले, “हे अक्षर तुह्यं आहे. हे तूच खोड.”

मी खोडलं. पण खाली वाचता येईल इतपतच खोडलं आहे, कारण मी ते लिहिलं होतं हेही खरं आहे. त्याच्याखाली लिहिलं, ‘खांदा खरोखर दुखत होता.’ लिहिताना रडले. नानाजींनी पाहिलं आणि मला पाणी आणायला पाठवलं, तेही स्वतःसाठी म्हणून.

पाणी घेऊन आले तर ते मारुतीच्या तसबिरीकडे बघत होते. मला म्हणाले, “देवानं शीग मागतली नव्हती वं. म्याच लावत गेलो.” एवढंच. तुझ्यासाठी काही लिहून देता का विचारलं, तर म्हणाले, लिहिलं की अठ्ठ्याहत्तर वेळा.

आज सकाळी व्यायामाला बसले. खुर्चीखालचे ठोकळे त्यांनी स्वतःच काढायला लावले. मी नेहमीसारखी वही घेऊन समोर बसले, टोपण न काढता. पहिल्यांदा उठले, बसले, दहा झाले आणि थांबले. बावीस नाही, दहाच. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “लिही. एक.”

मी लिहिलं.

संक्रांतीला ते व्यायामशाळेत येणार आहेत, काठी घेऊन, आपल्या पायांनी. पोरांना काहीतरी सांगायचं म्हणतात. काय ते मला सांगत नाहीत, पण त्या शनिवारी जे वीस जण होते त्यांतले कोण कोण अजून नागपुरात आहेत, याची यादी मला करायला लावली आहे. अकरा जण सापडले. सगळे येणार आहेत.

वही पोस्टाने परत पाठवू नकोस. घेऊन ये.

तुझी ताई